नखभर फट

आक्का कामावर आल्या की आधी पोरांवरून एक नजर फिरवत. पोरे म्हणजे दगड. पांढरे, कमरेएवढे उंच, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकावर एकेका सैनिकाचे नाव. दुसऱ्या महायुद्धात गावाबाहेरच्या टेकडीसाठी मोठी लढाई झाली होती, तिच्यात पडलेले सगळे इथे रांगेने निजले होते. बहुतेक विशीच्या आतबाहेरचे. म्हणून ती पोरे.

"कोण रे हा, चिखलात तोंड घालून बसलाय?" असे म्हणत आक्का पदर खोचायच्या आणि बादली खाली ठेवायच्या. फाटकाजवळच्या रांगेपासून सुरुवात, मग पुढची, मग त्याच्या पुढची. दगडांच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडे लावलेली असत. ती काही नुसती शोभेला नव्हती. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की चिखल उडून नावावर बसतो. पायाशी झाड असले की नाव स्वच्छ राहते. झाड मात्र नावाच्या वर जाता कामा नये. इतकी साधी गोष्ट, पण आक्कांना कामावर आल्यावर पहिली ही शिकवली गेली आणि त्यांना ती फार पटली. "म्हणजे लाळेरं बांधायचं, पण तोंड झाकायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या.

सात भावंडांत त्या थोरल्या. स्वतःचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून धाकट्यांची तोंडे धुवायचे काम त्यांच्याकडे. तेव्हाच त्यांच्या नावाची 'आक्का' झाली आणि लग्नानंतर सासरीही तीच राहिली. नवरा बेकरीची गाडी चालवत असे. पहाटे पाव पोचवण्याच्या त्याच्या वाटेवर ही दफनभूमी. फाटकावरच्या माणसाने त्याला सांगितले की खुरपणीला आणि दगड धुवायला बाई हवी आहे. त्याने घरी येऊन सांगितले, आणि माहेरी हे कळताच आक्कांच्या आईने डोळ्याला पदर लावला. "मेलेल्यांत राबायला पाठवायचं होतं, तर एवढं थाटामाटानं लग्न कशाला लावलं?"

"आई, घरात चार दीर आणि दोन नणंदा जिवंत आहेत," आक्का म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा हे परवडले. निदान उलटून बोलत नाहीत."

त्या ज्या चिकटल्या त्या चिकटल्याच. मुलगा झाला, मोठा झाला, दूरच्या शहरात नोकरीला लागला. नवऱ्याने गाडी सोडली आणि त्याला कमी ऐकू यायला लागले. आक्कांची बादली मात्र सुटली नाही.

तिथल्या हेडमाळ्यांना सगळे दोरीवाले म्हणत. त्यांच्या खिशात सुतळीचे रीळ सदैव असे. पावसाने जमीन बसली की दगड हलतात, एखादा पुढे झुकतो, एखादा मागे सरतो. मग दोरीवाले रांगेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून दगडांच्या तोंडावरून दोरी ताणत. प्रत्येक दगडाचे तोंड दोरीला टेकले पाहिजे. नाही टेकले तर बुड उकरून, खडी ठोकून तो सरळ करायचा. इथे कर्नलच्या शेजारी स्वयंपाकी आणि डॉक्टरशेजारी खेचरे हाकणारा. कुणाचा दगड उंच नाही, कुणाचा रुंद नाही. दोरीवाल्यांना याचा फार अभिमान. "जिवंतपणी जमलं नाही ते इथं जमलंय," असे ते म्हणत, आणि एवढे एकच वाक्य ते मोठ्याने म्हणत. एरवी त्यांच्या तोंडून शब्द म्हणजे वाळवंटातला पाऊस.

दगड धुण्याचा त्यांचा नियमही तसाच आखूड होता. "पाणी आणि मऊ ब्रश. तिसरं काही नाही."

आक्कांनी तो नियम पाळला. भिंतीकडची रांग सोडून. आणि त्या रांगेतलाही एकच दगड.

भिंतीकडच्या रांगेवर एका जुन्या झाडाची दाट सावली. ऊन पोचत नाही, ओल हटत नाही, आणि दगडांवर हिरवट शेवाळ धरते. त्या रांगेतल्या एका दगडाला भेटायला दर वर्षी वसंतात एक बाई येत. उंच, ताठ, हातात काळी छत्री. पाऊस असो नसो, ऊन असो नसो, छत्री असणारच. चालताना ती काठी होई, बसताना टेकू. म्हणून आक्कांच्या लेखी त्या छत्रीवाल्या बाई. लहान मुलींच्या शाळेत त्या शिकवत, लग्न केलेले नव्हते. दगडाखाली त्यांचा मोठा भाऊ होता. तो गेला तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या.

पहिल्या वर्षी आक्का लांबूनच बघत होत्या. बाई घडीच्या स्टुलावर बसल्या, डोळे मिटले आणि बोटाने भावाचे नाव गिरवू लागल्या. एक एक अक्षर, सावकाश, वळणावर जरा थांबून. आक्कांना राहवले नाही. त्या जवळ गेल्या.

"बाई, डोळे का मिटता? अक्षरं तर स्पष्ट आहेत."

बाई हसल्या. "आमचा खेळ होता तो. रात्री मला झोप नाही आली की हा माझ्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायचा आणि ओळखायला लावायचा. शाळेत जायच्या आधी मी पाठीनं वाचायला शिकले. आता पाठ त्याची. तो गप्प बसतो आणि मी बोटानं ओळखते."

मग त्यांनी पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी काढून आक्कांपुढे धरली. तिथून ओळख झाली, आणि ओळखीची मैत्री झाली. वर्षातून एक दिवस भेट, पण त्या एका दिवसात वर्षभराचे बोलून होई. बाईंच्या शाळेतल्या मुली, आक्कांच्या सुनेचा फटकळपणा, दोघींचे गुडघे.

एका वर्षी पावसाळा लांबला. शेवाळ इतके चढले की बाईंच्या येण्याच्या आदल्या दिवशी आक्कांनी ब्रश घासघासून खांदा दुखवून घेतला, तरी दगड हिरवा तो हिरवाच. घरी येऊन त्या पितळेची भांडी घासायला बसल्या. हातात लिंबाची फोड होती. फोडीखाली काळे पातेले बघता बघता सोन्यासारखे निघाले, आणि आक्कांचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एप्रनच्या खिशात लिंबू घालून गेल्या. दोरीवाले फाटकापाशी गवत कापत होते तेवढ्यात आक्कांनी फोड फिरवली. दगड दुधासारखा पांढरा निघाला. दुपारी बाई आल्या, पाहताच उभ्याच राहिल्या.

"आज माझा भाऊ अंघोळ करून बसलाय की," त्या म्हणाल्या.

बस, एवढेच. पण आक्कांना ते वाक्य वर्षभर पुरले. पुढच्या वर्षी पुन्हा लिंबू आले. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. शेजारच्या पोरांना नाही, कारण लिंबे किती आणणार, आणि दोरीवाल्यांचा डोळा किती चुकवणार. सगळ्यांना सारखे वाढायचे, पण एखाद्याच्या पानात डोळा चुकवून जास्त पडतेच, ते कुठल्या आईला चुकलेय, अशी आक्कांनी आपल्या मनाची समजूत घातली होती. वर्षे गेली. दगड रांगेत एकटाच पांढराशुभ्र दिसायचा आणि आक्का त्याच्याकडे बघून मनात म्हणायच्या, बघ, तुझ्या बहिणीसाठी करते हो.

हे ज्या वर्षी उघडकीला आले, त्या वर्षी हिवाळ्यात जमीन फार बसली होती. दोरीवाल्यांनी एकेक रांग सरळ करत आणली आणि शेवटी भिंतीकडच्या रांगेला दोरी लावली. आक्का खुरपत होत्या. बराच वेळ झाला तरी ठोकण्याचा आवाज येईना, म्हणून त्यांनी मान वर केली. दोरीवाले वाकून एका दगडाकडे बघत होते.

"आक्का, इकडे या जरा."

त्या गेल्या. दोरी बाकी प्रत्येक दगडाला टेकली होती. याच एका दगडापाशी दोरी आणि दगड यांच्यामध्ये फट होती. फार नाही, नखभर.

"मागे सरकला असेल," आक्का म्हणाल्या.

"बुड उकरून पाहिलं. जागचा हललेला नाही." दोरीवाल्यांनी दगडाच्या पाठीवरून हात फिरवला, मग तोंडावरून फिरवला, आणि तिथेच ठेवला. "हा सरकला नाही. हा झिजलाय."

आक्कांनी हात पुसले आणि नावावर बोट ठेवले. इतक्या वर्षांत त्यांनी ते नाव ब्रशने हजारदा पुसले असेल, पण बोटाने कधी वाचले नव्हते. बोट गुळगुळीत घसरत गेले. कुठे खळगा नाही, कुठे कडा नाही. डोळ्यांना अजून अक्षरांची सावली दिसत होती. बोटाला काहीच सांगता येत नव्हते.

"पाणी आणि मऊ ब्रश?" दोरीवाल्यांनी विचारले.

आक्का परत खुरपे घेऊन बसल्या. दोरीवाल्यांनी पुन्हा विचारले नाही. न विचारणे ही त्यांची खोडच होती, आणि त्या दिवशी आक्कांना ती शिव्यांपेक्षा जड गेली.

त्याच आठवड्यात ऑफिसात फोन आला. छत्रीवाल्या बाईंची भाची बोलत होती. आत्याचे डोळ्यांचे ऑपरेशन फसले, आता तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो, पण ती यायचे म्हणते आहे. वाटेत पायऱ्या किती, बाक कुठे, हे तिने नीट विचारून घेतले. शेवटी म्हणाली, "आत्यानं आक्कांना निरोप दिलाय. म्हणाली, सांग, आता खेळ खरा होणार. डोळे मिटायचीसुद्धा गरज नाही."

दोरीवाल्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. आक्का बादलीवर बसल्या.

वरच्या साहेबांना कळवले तर उत्तर ठरलेले होते. नाव वाचता येत नसेल तर दगड काढायचा, नवा मागवायचा. नवा यायला वर्ष, कदाचित जास्त. तोवर तिथे नंबराची खुंटी. बाईंचे वय पाहता पुढच्या वर्षाचा शब्द कोण देणार? त्या येतील, बसतील, बोट पुढे करतील आणि त्यांच्या हाताला एक खुंटी लागेल. नाहीतर साबणाच्या वडीसारखा कोरा दगड. आक्कांना दुसरे काही सुचेना. पोळी लाटताना तेच, झोपताना तेच.

"काय झालं ते सांगशील का?" नवऱ्याने विचारले. त्याला ऐकू कमी येत असे, पण बायकोचे गप्प बसणे बरोबर ऐकू यायचे.

आक्कांनी सांगितले. लिंबासकट सगळे, आणि दोनदा, कारण पहिल्यांदा त्याला 'निंबाळे' ऐकू आले आणि हे कोण गृहस्थ असे त्याने विचारले.

"अति तिथं माती," सगळे कळल्यावर तो म्हणाला.

"मातीच आहे ती. माती व्हायचीच जागा आहे," आक्का म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. त्याने काही समजावले नाही. उठून चहा केला, साखर नेहमीसारखी जास्त घातली, आणि म्हणाला, "तुझ्या दोरीवाल्याला सांगून टाक. तो मुका आहे, खुनशी नाही."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी सांगितले. दोरीवाल्यांनी सगळे ऐकून घेतले, खिशातले रीळ बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले. मग ते ऑफिसात गेले आणि बराच वेळ फोनवर बोलत राहिले. एवढे बोलताना त्यांना कुणी पाहिलेले नव्हते. बाहेर आले तेव्हा घामाघूम झाले होते.

"पाथरवट फिरतीवर आहे. शेजारच्या गावी काम चालू आहे. साहेब म्हणाले, जागेवर पुन्हा कोरता आलं तर कोरा, नाही तर दगड काढा. सोमवारी येतोय."

पाथरवट म्हटल्यावर आक्कांनी मनात एक दाढीवाला म्हातारा धरला होता. सोमवारी फाटकातून आत आली ती एक जाड चष्म्याची, आखूड केसांची, तिशीतली मुलगी. खांद्यावर जड पिशवी.

"बाळ, तुझे वडील मागून येतायत का?" आक्कांनी विचारले.

"वडील घरी आरामखुर्चीत आहेत, मावशी. आता मीच येते. टाकीचे घाव वारसाहक्कानं मिळालेत."

तिने दगडापुढे गुडघे टेकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि अंगठ्याने दगड चोळला. अंगठ्याला पांढरी पूड लागली. तिने आजूबाजूच्या दगडांना हात लावून पाहिला. "बाकीचे ठणठणीत आहेत. ह्यालाच काय झालं? ह्याच्यावर कुणी राग काढलाय?"

"राग नाही गं," आक्का म्हणाल्या. "लाड केलेत."

लिंबाची हकिगत ऐकताना मुलीने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो तिला साधला नाही. मग तिने पिशवीतून त्याच जातीच्या दगडाची एक कपची काढली. "मावशी, आहे का आत्ता लिंबू?" आक्कांच्या डब्यात फोड होती. मुलीने कपचीवर थेंब पिळला आणि कपची आक्कांच्या कानाशी धरली.

बारीक फसफस ऐकू आली. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी, फक्त फार हळू.

"हा चुनखडीचा दगड. आंबट लागलं की तो असा विरघळतो. चकाकतो तेव्हा तो स्वच्छ होत नसतो, त्याची कातडी जात असते."

आक्का ती फसफस संपेपर्यंत ऐकत राहिल्या. "आणि मी आपली म्हणत होते, बघ कसा हसतोय," त्या अखेर म्हणाल्या.

"आता ऐका. वरची भुसभुशीत कातडी काढावी लागेल. खाली चांगला दगड लागला तर अक्षरं खोल कोरता येतील. एकदाच. नाही लागला, किंवा तडा गेला, तर मग नवाच दगड. मी आधी काही कबूल करत नाही."

"बाईंना यायला अजून दहा-बारा दिवस आहेत."

"तेवढे पुरतील. बाबांचं एक वाक्य आहे, दगडाला घाई कळत नाही."

पहिले दोन दिवस तिने नुसते घासण्यातच घालवले. आक्का पाणी ओतत आणि श्वास धरून बसत. दुसऱ्या संध्याकाळी तिने दगडावर बोटाची गाठ वाजवली, कान लावला आणि पुन्हा वाजवली. "ऐका, आवाज बदलला. खाली चांगला आहे." त्या रात्री आक्का पोटभर जेवल्या.

सकाळच्या तिरप्या उन्हात जुन्या अक्षरांची सावली पुसटशी दिसे. तेवढ्या वेळात मुलगी पेन्सिलने कडा आखून घेई. मग बारीक छिन्नी आणि लाकडी हातोडी. टक, टक, टक. फार जोर नाही, दारावर परक्या माणसाने वाजवावे तसे. आक्का आपली कामे उरकून तिथेच घुटमळत. दोरीवालेही काही ना काही निमित्ताने त्या रांगेकडे येत, बघत, जात.

नाव अर्ध्यावर आले होते. त्या दिवशी मुलगी एका गोल वळणाच्या अक्षरात अडकली होती. फाटक वाजले. आक्कांनी वळून पाहिले आणि त्यांच्या हातातली बादली तिथेच कलंडली. भाचीचा दंड धरून, दुसऱ्या हातात छत्री टेकत, छत्रीवाल्या बाई येत होत्या. आठवडाभर आधी.

"माझी रजा बदलली हो," भाची लांबूनच म्हणाली. "फोन करत होते, लागला नाही."

"आक्का कुठायत? बादलीचा आवाज आला मला," बाई म्हणाल्या.

पळायला जागा नव्हती, आणि आक्का पळणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बाईंचा हात धरला, स्टूल मांडले, त्यांना बसवले. मुलगी छिन्नी घेऊन बाजूला झाली. कुणी काही बोलायच्या आत बाईंनी हात पुढे केला.

बोट पहिल्या अक्षराला लागले आणि बाईंच्या भुवया उंचावल्या. कडा धारदार होत्या, नव्या. दुसरे अक्षर, तिसरे. मग बोट पुढे सरकले आणि सपाट दगडावर आले. पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"इथंच संपतो का हा?" बाईंनी हळू विचारले.

"नाही बाई," आक्का म्हणाल्या. "तो मी पुसला. तुम्ही येणार म्हणून दर वर्षी लिंबानं घासत होते. तुम्हाला पांढरा दिसावा म्हणून. आंबटानं दगड झिजतो हे मला ठाऊक नव्हतं. नियम ठाऊक होता, तो मी मोडला. ही मुलगी पुन्हा कोरतेय. अर्धं झालंय. तुम्ही यायच्या आत पुरं करायचं होतं."

बाईंचे बोट सपाट दगडावरच होते.

"म्हणजे मागल्या वर्षीसुद्धा झिजलेलाच होता?"

"होता. त्याच्याही आधीपासून असणार."

"मागल्या वर्षी मला तो नीट लागला नाही," बाई म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाही. मला वाटलं माझी बोटंही गेली. डोळे तर जातच होते. वर्षभर मी रात्री अंथरुणात चादरीची शिवण चाचपून बघायची, लागते की नाही. घरातल्या कपाचे कान, दाराची कडी. सगळं लागायचं, पण मला खात्री वाटेना. म्हटलं डोळ्यांनी दगा दिला, आता हीही चालली. इथं येताना गाडीत मी एवढीच भीती घेऊन बसले होते." त्यांनी आक्कांचा हात चाचपून धरला. "आणि तुम्ही सांगताय की बोटं ठीक आहेत, दगडच झिजला होता."

"बोटं एकदम ठीक आहेत, आजी," मुलगी म्हणाली. "तिसऱ्या अक्षराच्या खालच्या टोकाला कडा जरा खडबडीत राहिलीय. तुम्ही तिथं थांबलात. मला ती आज सकाळी दिसलीसुद्धा नव्हती."

बाई हसू लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. भाची घाबरून जवळ आली. "आत्या, बरं वाटतंय ना?"

"अगं, बरं म्हणजे काय. आठ वर्षांची असताना पाठीनं वाचायचे, आता बोटानं वाचीन." मग आक्कांकडे तोंड करून म्हणाल्या, "आणि तुम्ही, आक्का. एवढी लिंबं घासलीत, मला कधी एक ग्लास सरबत विचारलं नाहीत."

"सगळं तुमच्या भावानं पिऊन टाकलं," आक्का म्हणाल्या आणि डोळे पुसले.

बाई परत गेल्या नाहीत. गावातल्या लॉजवर भाचीने खोली घेतली आणि पुढचे दोन दिवस बाई छत्री उघडून त्या स्टुलावर बसल्या. मुलगी कोरत होती, त्या ऐकत होत्या. एक अक्षर पुरे झाले की मुलगी पूड फुंकून म्हणे, "बघा." बाई बोट फिरवत आणि कौल देत. "हे वळण जरा आखडलंय." "हे छान." एकदा त्यांनी शाळेतल्या आवाजात म्हटले, "पुन्हा काढ." आणि मुलीने मुकाट्याने कड पुन्हा गुळगुळीत केली. मधल्या वेळात आक्का डबा उघडत. आक्कांच्या नवऱ्याने पहिल्या दिवशी स्वतः येऊन सरबताची बाटली पोचवली, आणि बाईंना मोठ्याने सांगितले, "ही लिंबं पोटात जाण्यासाठीच आणलीत, तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना शेवटचे अक्षर झाले. मुलीने मऊ ब्रशने पाणी फिरवले आणि उठली. बाईंनी डोळे मिटले. गरज नव्हती, तरी मिटले. बोट सुरुवातीला ठेवले आणि एका दमात शेवटपर्यंत नेले, मग भावाचे नाव मोठ्याने उच्चारले. इतक्या वर्षांत आक्कांनी ते त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आजवर तो नुसता 'हा' होता.

"आक्का, आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

आक्कांनी डोळे मिटले. हात राकट, बोटाला भेगा, तरी अक्षर लागले. खोल, थंड, कडेला करकरीत. पोरांची तोंडे धुता धुता त्यांचे आयुष्य गेले होते, पण एकाचेही नाव असे हाताशी आले नव्हते.

बाई गेल्यावर दोरीवाले आले. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. बाकीचे सगळे दगड दोरीला टेकले. या एका दगडापाशी फट होती, आधी होती त्यापेक्षा केसभर जास्तच, कारण वरची कातडी काढली होती. आक्का पाहत राहिल्या. या माणसाने एका नखासाठी दिवसभर बुडे उकरलेली त्यांनी पाहिली होती.

दोरीवाल्यांनी दोरी सोडवली, रिळाला गुंडाळली आणि खिशात घातली.

"राहू दे," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मुलगी पुढच्या गावी गेली. जाताना आक्कांना एक ब्रश देऊन गेली, लहान बाळाच्या केसांसाठी असावा इतका मऊ. भिंतीकडच्या झाडाच्या दोन फांद्या दोरीवाल्यांनी साहेबांची परवानगी काढून छाटल्या, तेव्हा त्या रांगेवर सकाळचे ऊन पडू लागले आणि शेवाळ आपोआप कमी झाले. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचले नव्हते.

पुढच्या वसंतात छत्रीवाल्या बाई पुन्हा आल्या. भाचीला त्यांनी फाटकापाशीच थांबवले. वाट पाठ झाली आहे, म्हणाल्या. आक्का त्या रांगेच्या टोकाला बादली घेऊन उभ्या होत्या. बाई छत्री टेकत आल्या, एकेका दगडाच्या माथ्यावर तळहात ठेवत, आणि बरोबर जागी थांबल्या. त्यांचे बोट नावावरून गेले तेव्हा आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आज अंघोळ नाही केलेली दिसत," बाई म्हणाल्या.

"नुसतं तोंड धुतलंय," आक्का म्हणाल्या. "पाण्यानं."